वाच्याबिगर अंगठा नही

मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबायच्या आधी दोन साक्षीदार बोलावणारा माणूस मी अख्ख्या धुळ्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, नाना. साक्षीदार ठरलेले: मी आणि माझी बायको.

नानांनी उभी हयात नोंदणी कचेरीबाहेर लिंबाखाली बसून खरेदीखतं लिहिली. अडाणी माणसाला दस्त शेवटपर्यंत वाचून दाखवायचा, मगच शाईचं पॅड पुढे सरकवायचं. “वाच्याबिगर अंगठा नही, भाऊ,” हे त्यांचं ब्रीद.

अ‍ॅपच्या अटी बदलल्या की आपण डोळे मिटून बोट दाबतो. नाना त्या छापून आणतात, जुन्या प्रतीशेजारी ठेवतात आणि पट्टी धरून ओळ न् ओळ ताडून पाहतात. एकदा मेथी निवडणाऱ्या माझ्या बायकोला त्यांनी हाक मारली. “ताई, मागच्या खेपेला ‘तुमची माहिती जपू’ होतं. आता ‘जपायचा प्रयत्न करू’ शे. प्रयत्न! खरेदीखतात मी असं लिहिलं असतं तर लोकांनी मला त्याच लिंबाला बांधलं असतं.”

आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून मीही दोन-चार ओळी वाचायला लागलो.

गेल्या महिन्यात नाना आले ते वेगळाच फोन घेऊन. त्यांच्या पत्नीचा. अक्का जाऊन दीड वर्ष झालं होतं. पडद्यावर सूचना होती: नव्या अटी रविवारपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं बंद होईल आणि त्यातले निरोप पुसले जातील.

“वाचल्यात ना?”

“तीनदा. एकूण एक, बठ्ठ्या समजल्या. पण खातं तिचं शे.”

“दाबा की नाना. कोण बघतंय?”

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. नानांचा चेहरा उतरला. “एक जण मेलेल्या आईच्या अंगठ्याचा कागद घेऊन आला होता. मी त्याला हाकलून दिलं. आता तेच मी करू?”

मग त्यांनी एक निरोप लावला. अक्कांचा खणखणीत आवाज आला. “आहो, भरीतना वांगा लई या. बियासना नको.” भरताची वांगी आणा, बियांची नकोत, एवढंच. नानांनी सवयीने मान डोलावली.

तो आवाज ऐकून बायको आतून बाहेर आली.

नानांनी सदऱ्याला अंगठा पुसला आणि बटण दाबलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. “खोटं काम शे, भाऊ. पण साक्षीदार पाहिजेत.”

मी सही करायला पेन उघडलं. त्यांनी कागदावर हात ठेवला.

“आधी वाचा.”

त्यांच्या वळणदार अक्षरातला मजकूर मी मोठ्याने वाचायला लागलो. “खाली सही करणार लिहून देतो की, पत्नीच्या नावे ‘मान्य आहे’ मी दाबले. ती हयात नाही, हे मला ठाऊक आहे...”

मी थांबलो. बायको पदराने डोळे पुसत होती.

“बरोबर शे,” नाना खाली बघत म्हणाले. “पुढं वाचा.”