मल्हारीचे पुडे आणि महाराजांचा आग्रह

एका जंगलात, बाळांनो, तुपाची कधी ददात नव्हती. सिंहमहाराजांच्या मुदपाकखान्यातल्या चुली रात्रंदिवस पेटलेल्या. ओढ्याकाठच्या घरोघरी तूप लागे, भिंती सारवायला आणि दिवे लावायला. पण तूप ओढ्यात नुसतं सोडलं तर तवंग होऊन भलतीकडे जायचं. म्हणून मल्हारी नावाचा पाणमांजर ते पानांच्या पुड्यांत बांधून पोहत पोहत दारोदार पोचवायचा.

महाराजांना आग्रहाची भारी हौस. "समोरच्याने नको म्हणावं आणि आपण वाढावं, हीच खरी माया!" असं ते म्हणत आणि स्वतः आणखी एक वाटी पीत.

हळूहळू घरं भरली.

"काकू, तूप आणलंय!" मल्हारी साळिंदराच्या दारात ओरडला.

"मेल्या, ठेवू कुठं? डोक्यावर?" साळूकाकूंनी आतून कडी घातली.

दिलेलं परत नेलं तर महाराजांचा अपमान. मग बिचारा मल्हारी पुडे काठावरच ठेवू लागला. पुडे फुटले, तूप थिजलं, काठाला थर बसला. त्याचा धाकटा चुलतभाऊ बारकू पडलेलं तूप गोळा करून मागच्या दाराने मुदपाकखान्यात नेऊन टाकी. पण एकटा बारकू नेणार तरी किती?

एके दिवशी महाराजांच्या गुहेशी पाण्याची धार बारीक झाली. राजवैद्य बगळोपंत आले. एका पायावर उभे राहून त्यांनी विचारलं, "पुडे टाकतो कोण?"

"मल्हारी."

"मल्हारी वाईट. उचलतो कोण?"

"बारकू."

"बारकू चांगला. झालं निदान!"

मल्हारीच्या गळ्यात 'वाईट' अशी पाटी अडकवून त्याला हाकललं. जन्मभर ओझी वाहिलेला जीव तो. पोराबाळांसमोर त्याची मान वर होईना. बारकूला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मग इतके सत्कार झाले, की पुडे उचलायला त्याला सवडच राहिली नाही.

इकडे घरांतलं तूप संपलं. भिंती गळायला लागल्या, दिवे विझले. साळूकाकूच महाराजांकडे गेल्या, "त्या मेल्याला बोलवा हो!"

मल्हारी आला. धीर करून म्हणाला, "महाराज, अधूनमधून चुली थंड ठेवा. तूप बेतानं निघालं तर घरं आपणहून दारं उघडी ठेवतील. मग काठावर काही पडायचं नाही."

"माझ्या राज्यात चूल थंड? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" महाराज गरजले.

बगळोपंतांनी तोडगा काढला. मल्हारीच्या पाटीवर 'चांगला' असं लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात पुडे दुप्पट निघाले.

घरं पुन्हा भरली, दारं पुन्हा बंद झाली, आणि गुहेशी ओढा ठार तुंबला. तुपाच्या राशींमध्ये बसून महाराज "पाणी, पाणी" करत गेले. मल्हारी ढसाढसा रडला.

तेराव्याला युवराजांनी सगळ्या जंगलाला जेवण घातलं. डोळे पुसत ते म्हणाले, "बाबांच्या आत्म्याला शांती मिळायला हवी. मल्हारी, आज घरटी दोन पुडे जास्त ने."

तात्पर्य : बाळांनो, असाच एक ओढा आपल्या अंगातही वाहतो. त्यातले कोलेस्टेरॉलचे हमाल चांगले किती आणि वाईट किती, हे दरवर्षी रक्त तपासून नक्की बघावं. रिपोर्ट वाचताना हमालांना मनसोक्त शिव्या द्याव्यात आणि पोळीवर चमचाभर तूप जास्त घ्यावं. शिव्या द्यायलाही अंगात ताकद लागते.