बाईच्या आवाजाचा पोपट

बायको गेल्यापासून निवृत्त ग्रंथपाल एकटेच राहत होते. "बाबा, एखादा पक्षी पाळा, सोबत होईल," असं मुलगी फोनवर सारखी सांगायची. स्वतः यायला तिला दोन वर्षांत सवड झाली नव्हती. शेवटी ते पक्ष्यांच्या दुकानात गेले.

"पहिल्यांदाच पाळताय? मग ही छोट्या पोपटांची जोडी न्या," दुकानदार म्हणाला. "दोघं एकमेकांत रमतात. तुमच्याकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाहीत."

"तशी एक जोडी आहे माझी. मुलगी आणि जावई."

"मग हा लाल? पन्नास वर्षं जगतो."

"माझ्यामागे त्याचं कोण करणार?"

कोपऱ्यात एक राखाडी पोपट होता. कुणीतरी पाळून परत आणून दिलेला. त्याने मान तिरकी केली आणि बाईच्या आवाजात विचारलं, "अहो, जेवलात का?"

ग्रंथपालांनी पिंजरा उचलला.

घरी आल्यावर कळलं, की जुन्या मालकिणीची भांडणंही त्याला तोंडपाठ होती. "तुमच्या पायी माझं वाटोळं झालं!" तो सकाळी सकाळी किंचाळायचा. शेजारीण भिंतीला कान लावू लागली. जिन्यातल्या गप्पा ग्रंथपाल दिसले की बंद पडू लागल्या.

रविवारी मुलीचा फोन आला, आणि मागून आवाज आला, "कोणाशी बोलताय? ठेवा तो फोन!"

"बाबा, कोण आहे ती?"

"पोपट आहे गं."

"मला काय दूधखुळी समजता?"

संध्याकाळी मुलगी दारात हजर. मागे जावई. तिने आधी न्हाणीघर पाहिलं, मग कपाट उघडून साड्या आहेत का ते पाहिलं. जावयाने खुर्चीत बसता बसता विचारलं, "घर अजून तुमच्याच नावावर आहे ना?"

"अहो, जेवलात का?" पोपट म्हणाला.

दोघं पोट धरून हसली. मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला. "पोपटच आहे हो! चला, उशीर होतोय." ग्रंथपाल चहा गाळून बाहेर आले, तोवर गाडी सुरू झाली होती.

ते आठवडाभर विचार करत राहिले. शनिवारी त्यांनीच फोन लावला.

"अगं, त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो. तुम्ही आलात तेव्हा ती बाजारात गेली होती."

पलीकडून जावयाला मारलेली हाक ऐकू आली.

"आम्ही उद्या येतो," मुलगी म्हणाली. "चार दिवस राहायलाच येतो."

ग्रंथपालांनी फोन ठेवला आणि पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घातल्या.