नव्वद टक्के आईचे

"देव दाराशी आला आणि..." एवढं गाऊन मागच्या शनिवारी आई पडद्यावर जी थिजली, ती सात मिनिटं तशीच. हात वर, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. दर शनिवारी पाचला ती फोनसमोर बसून कथा गाऊन सांगायची आणि गावोगाव पांगलेल्या तिच्या बहिणी-मैत्रिणी आपापल्या घरी ऐकायच्या. नेमका त्या वेळी नातू कुठलासा खेळ उतरवून घेत होता आणि बाबा बातम्या पाहत होते.

येत्या शनिवारी तर खुद्द गुरुजी ऐकणार होते. नव्वदीतले गुरुजी! आईला गाणं त्यांनीच शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत तिचा आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता. आई आठवडाभर तीच कथा घोळवत होती.

"तू निर्धास्त गा," थोरला मुलगा म्हणाला. "पुढचं माझ्याकडे लागलं."

थोरला एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा. त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, त्यावर लिनक्स चढवलं, घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातून फिरवलं आणि तीन वाटे केले. चाळीस टक्के आईच्या फोनला, चाळीस स्वतःच्या ऑफिसला, उरलेले वीस ‘इतर’ना. एकाने दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, ही पक्की अट.

"म्हणजे मी इतर?" बायकोने विचारलं.

"तू, बाबा, चिरंजीव... सगळे."

"बरं झालं, लग्नात सांगितलं नाहीत."

शनिवारी पाचला आईने दार लावून घेतलं. थोरला बाहेर, एक डोळा त्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि कान स्वतःच्या फोनकडे; मोबाइल डेटावर तोही श्रोत्यांत बसला होता. दोन ओळी सुरेख गेल्या. तिसरीला आवाज अडखळला.

"आईला चाळीस पुरत नाहीत," तो पुटपुटला आणि त्याने तिचे साठ केले. ‘इतर’ दहावर आले, ऑफिस तीसवर. आवाज आणखी तुटला.

"बाबा, बातम्या बंद!"

"अरे, हवामान तरी..."

"खिडकीतून बघा!"

नातवाचा खेळ बंद झाला. तरी आई ओळीओळीला थांबतच होती. थोरल्याला घाम फुटला. त्याने स्वतःच्या ऑफिसला जेमतेम पाच ठेवले, आईला थेट नव्वद टक्के दिले आणि ‘इतर’ना पाच.

"देव..." आई म्हणाली. बराच वेळ काही नाही. "...दाराशी..."

तेवढ्यात बायको आली. "अहो, माझा फोन पाहिलात?"

"इथे माझी अब्रू चालली आहे आणि तू फोन कसला शोधतेस!"

ती गेली. थोरल्याने आता कुठे आईच्या वाट्यातला वापराचा आकडा नीट पाहिला. शून्य. नव्वद टक्के मोकळा रस्ता आणि त्यावर चिटपाखरू नाही.

बायको परतली ती हातात दोन टॉवेलांचं गाठोडं घेऊन. आत आईचा फोन.

"कपाटात होता. गाताना मध्येच वाजला तर गुरुजींचा अवमान होईल, म्हणून आईंनी गुंडाळून ठेवला. आणि गायला माझा घेऊन बसल्यात."

मागितलं नसताना नव्वद टक्के कपाटाला मिळाले होते. थोरल्याने एकच आज्ञा टाइप करून सगळे वाटे पुसून टाकले. फोनवर आईचा आवाज असा खळाळून आला की बाबांनीही मान डोलावली. शेवटची पाच मिनिटं अखंड!

कथा संपली. गुरुजींचा थरथरता आवाज आला.

"बाळ, तीस वर्षांपूर्वी तुला काय सांगायचो मी?"

"धावू नकोस म्हणायचात, गुरुजी."

"आज शिकलीस. देव दाराशी, म्हणालीस आणि थांबलीस. अगं, मी इथे उठून दाराकडे बघितलं! केवढा धीर धरलास." ते जरा खाकरले. "शेवटी मात्र पुन्हा धावलीस हो. शेवटची पाच मिनिटं मूळ पदावर."

आई दार उघडून बाहेर आली. डोळे भरलेले, चेहरा उजळलेला. थोरल्याने वाट्यांचा सगळा घोळ सांगून क्षमा मागितली, तर तिने त्याच्याच पाठीवर हात ठेवला.

"पुढच्या शनिवारी गुरुजी पुन्हा ऐकणार आहेत," ती म्हणाली. "तेव्हा मला इतरांतच ठेव."