श्टाइनवेंडरबाईंचा यथोचित गौरव

कलावंताचा आदर करणे हे सुसंस्कृत राष्ट्राचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्याच्या हातून कला होऊ न देणे हे दुसरे. मागासलेल्या देशांत ही दोन कामे दोन वेगळ्या खात्यांकडे असतात, त्यामुळे घोळ होतो. एक खाते माणसाला तुरुंगात टाकते आणि दुसरे त्याच माणसाचा पुतळा उभारते. ऑस्ट्रियात दोन्ही कामे एकाच टेबलावर उरकतात. हे टेबल व्हिएन्नात, चित्रपट-प्रोत्साहन खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, होफराट डॉक्टर त्सावादिल यांच्या खोलीत होते. (होफराट म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार १९१८ साली बुडाला. सल्ला अजून चालू आहे.)

या टेबलाचा सर्वाधिक लाभ ज्यांना मिळाला त्या गेरलिंडे श्टाइनवेंडर या चित्रपट-दिग्दर्शिका. त्यांचा पहिला चित्रपट शहात्तर सालचा. त्यात एक बाई चाळीस मिनिटे नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करते आणि नवरा एकदाच आत येऊन विचारतो, "मीठ कुठंय?" बस्, एवढेच. चित्रपट लागला आणि वर्तमानपत्रांकडे संतप्त पुरुषांच्या पत्रांचा ढीग पडला. हे वास्तवाला सोडून आहे, आम्हांला आमच्या घरातले मीठ कुठे असते ते नक्की ठाऊक आहे, असा सगळ्यांचा सूर होता. (एका पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात लिहिले होते : 'खिडकीजवळच्या फडताळात. सौ.')

पुढे बाईंनी चार मैत्रिणी जमवून मोजणी मंडळ काढले. चित्रपट संपला, पडद्यावर नावे सरकू लागली, की या पाचजणी अंधारात उभ्या राहून मोठ्याने वाचत : "दिग्दर्शन, पुरुष. छायाचित्रण, पुरुष. संगीत, पुरुष. निर्मिती, पुरुष आणि त्याचा भाऊ. शिवणकाम, बाई." त्यांच्यामुळे रांग अडे आणि लोकांना दाराशी जमा केलेले आपापले कोट लवकर मिळत नसत. व्हिएन्नाचा माणूस क्रांती सहन करील, कोटाला उशीर सहन करणार नाही. पोलीस आले. मोजण्याविरुद्ध कलम सापडेना, म्हणून हवालदाराने 'सार्वजनिक ठिकाणी मोठ्या आवाजात अंकगणित' अशी नोंद केली आणि बाईंना दंड झाला.

पंधरा-वीस वर्षे हे चालले. मग सरकारला चूक पटली आणि सरकार स्वतःच मोजू लागले. चळवळीचा हा केवढा मोठा विजय म्हणायचा. तेव्हापासून खात्याच्या वार्षिक अहवालात चित्रपटांतला स्त्रियांचा वाटा दर वर्षी वाढत आला आहे, आणि त्यासाठी एकाही स्त्रीला काम द्यावे लागलेले नाही. गेल्या अहवालात तो एकावन्न टक्के होता. यात लेखकाची बायको धरली आहे (तिने हस्तलिखित वाचले), सेटवर सूप वाढणाऱ्या धरल्या आहेत, आणि गुन्हेकथांमध्ये पहिल्याच दृश्यात झुडपात सापडणारी तरुण स्त्री 'मध्यवर्ती भूमिका' या रकान्यात धरली आहे. तिच्याभोवतीच तर सगळी कथा फिरते, असे खात्याचे म्हणणे आहे आणि ते खोडून काढता येत नाही.

अशा अनुकूल वातावरणात बाईंनी अठरा वर्षांपूर्वी एका नव्या चित्रपटासाठी अर्ज केला. त्या मूळच्या वाल्डफियर्टलच्या, म्हणजे उत्तरेकडच्या जंगली, थंड मुलखातल्या. तिथल्या कापडी फितींच्या कारखान्यात त्यांची आई माग चालवायची. एका हिवाळ्यात कारखान्यातल्या झाडून सगळ्या बायकांनी माग बंद केले होते. त्यांची पुढारी पोल्डी. कारखान्याच्या शतकमहोत्सवी ग्रंथात या प्रकरणावर एक अख्खे वाक्य आहे : 'त्या हिवाळ्यात उत्पादन काहीसे कमी झाले.' बाकीच्या बायका एकेक करून गेल्या. पोल्डी तेवढी उरली. तिच्या तोंडून ती हकीकत चित्रित करायची, एवढाच बाईंचा चित्रपट.

अर्ज घेऊन बाई गेल्या तेव्हा होफराट उठून उभे राहिले आणि त्यांनी बाईंच्या हाताचे चुंबन घेतले.

"या, डॉक्टरीणबाई, या. बसा."

बाई डॉक्टरीणबाई होत्या त्या दातांच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांच्याशी घटस्फोट होऊन तेव्हाच वीस वर्षे झाली होती. पण ऑस्ट्रियात घटस्फोटाने नवरा जातो, पदवी जात नाही.

"फितीवाल्या बायका," होफराट अर्ज चाळत म्हणाले. "वा. विषय फार महत्त्वाचा. इतका महत्त्वाचा की घाई करणं बरं नाही."

"त्यांतली एकच उरलीय, आणि ती सत्तरीची आहे, होफराटसाहेब."

"मग काय, या वयाला हल्ली तरुणच म्हणतात. डॉक्टरीणबाई, खरं सांगू? आपल्यासारख्या थोर बाईनं पैशासाठी आमच्या दारात यावं, याची मला लाज वाटते. समितीला मी सांगतोच."

समितीने लाज वाटून घेतली आणि बाईंना पदक दिले.

इथे कार्यपद्धती समजून घेतली पाहिजे. चित्रपटाला पैसा द्यायचा तर समितीचे एकमत लागते, आणि समितीत नऊ सभासद. (आठ पुरुष आणि इतिवृत्त लिहिणारी बाई. अहवालात दोघी धरतात, कारण ती दोन भाषांत लिहिते.) सन्मानाला मात्र कोणाचाच विरोध नसतो. म्हणून बाई जेव्हा जेव्हा अर्ज करीत तेव्हा तेव्हा त्यांना काहीतरी मिळे. दुसऱ्या अर्जाला मानाचा क्रूस. तिसऱ्याला 'प्रोफेसर' ही पदवी. ही ऑस्ट्रियात शिकवल्याशिवाय मिळते आणि शिकल्याशिवायही. चौथ्याला त्यांच्या जुन्या चित्रपटांचा पंधरवडा, जाडजूड पुस्तकासह. त्या पुस्तकाच्या छपाईत पोल्डीचा चित्रपट दोनदा निघाला असता. पंधरवड्यात 'स्त्रिया चित्रपट का काढत नाहीत?' या विषयावर परिसंवाद झाला. पाच तज्ज्ञ बोलले. बाई श्रोत्यांत होत्या. त्यांनी हात वर केला, तेव्हा सूत्रसंचालक म्हणाले की वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, पण प्रोफेसरबाई आज आपल्यात आहेत हेच या प्रश्नाचं उत्तर आहे. टाळ्या झाल्या.

बाई चिडत नसत का? चिडत. घरी येऊन भांडी आपटत आणि मग पुन्हा अर्ज लिहायला बसत.

पदक मिळाले की बाई ते पर्समध्ये टाकून आगगाडीने पोल्डीकडे जात. पोल्डीच्या स्वयंपाकघरात शेगडी धगधगत असे आणि ताटलीत बटाट्याचे वळवटे, खसखस नि साखरेत घोळवलेले.

"हे बघ मावशी, आणखी एक," पाचव्या अर्जाच्या वेळी बाई म्हणाल्या.

पोल्डीने पदक बाजूला ठेवले आणि त्याची लाल-पांढरी-लाल फीत बोटांत धरली.

"ही आमची गं. आमच्याच मागावरची. कुणाच्या गळ्यात जाते ते आम्हांला कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तुझ्या गळ्यात जाते होय? गळा बरा बांधलाय त्यांनी तुझा, गेर्ली."

"पुढच्या वर्षी नक्की होईल. होफराट म्हणालेत."

"तो होफराट तुझ्यापेक्षा आधी मरायचा, आणि मी त्याच्याही आधी. खा. निवतंय." पोल्डी खोकली. आयुष्यभर फितींचा भुगा छातीत गेला होता, तो आता घशाशी आला होता. "डॉक्टर म्हणतो, आवाज जाणार. फार तर पुढचा हिवाळा. हात-पाय गेले असते तर चाललं असतं बघ. आता ऐंशी उलटल्यावर जायचं तर काय, नेमका आवाज."

त्या दिवशी बाईंना परतीच्या गाडीत रडू आले. समोरच्या सद्गृहस्थाने त्यांना वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखले आणि पदकाबद्दल अभिनंदन केले.

सहावा अर्ज घेऊन त्या गेल्या तेव्हा होफराटांनी दार आतून लावले आणि आवाज खाली आणला.

"प्रोफेसरबाई, हे आपल्यातच राहू द्या. मी नगरपालिकेत शब्द टाकलाय. मध्यवर्ती दफनभूमीत, मानाच्या विभागात, आपल्यासाठी जागा. संगीतकारांच्या ओळीपासून अगदी जवळ. उन्हाची बाजू आहे."

व्हिएन्नाच्या माणसाला याहून मोठे काही देता येत नाही. मानाच्या कबरीसाठी इथे चांगली चांगली माणसे वेळेआधी मेलेली आहेत.

"मला कॅमेरा हवाय," बाई म्हणाल्या.

"प्रोफेसरबाई, कॅमेरा काय, आज आहे उद्या नाही," होफराट दुखावून म्हणाले. "कबर कायमची असते."

तरीही समितीला काहीतरी केले पाहिजे असे वाटतच होते, आणि त्या वर्षी खरोखर तिने एकमताने एक चित्रपट मंजूर केला. विषय : गेरलिंडे श्टाइनवेंडर या दिग्दर्शिकेला चित्रपट कसा मिळत नाही. दिग्दर्शक : कॉन्स्टान्टिन, वय चौतीस, गळ्यात मफलर. स्त्री-अनुदानातूनच पैसा दिला गेला, कारण विषय स्त्री होता. कॉन्स्टान्टिन गुणी मुलगा होता. तो मांस खात नसे, स्वतःला स्त्रीवादी म्हणवी, आणि त्याची आजी स्त्री होती.

"प्रोफेसरबाई, मला तुमचं थांबणं पकडायचंय," तो म्हणाला. "तुमच्या चेहऱ्यावरचं. इतिहासाचं ओझं."

बाईंनी क्षणभर विचार केला. "एक दृश्य मी सुचवू? दिग्दर्शिका गावी जाते, एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावून बसते. म्हातारी बोलते, ती ऐकते."

"अप्रतिम. म्हणजे जो चित्रपट झालाच नाही, त्याचं स्वप्न."

"तेच. फक्त माझ्या हातातला कॅमेरा खरा हवा. आवाज टिपणारा. खोट्या कॅमेऱ्याने चेहरा खोटा पडतो."

कॉन्स्टान्टिनला हे इतके पटले की त्याने ते वहीत आपल्या नावावर लिहून घेतले.

अशा रीतीने, पंचवीस माणसे, दोन ट्रक आणि शाकाहारी सूप यांच्या साक्षीने, बाईंनी आपला चित्रपट काढला. नाटकातल्या राजाने खरोखरीचा कर वसूल करावा त्यातलाच प्रकार. कॉन्स्टान्टिनचा कॅमेरा बाईंच्या चेहऱ्यावर होता, बाईंचा पोल्डीच्या. "प्रोफेसरबाई, तुम्ही फक्त काम करत असल्यासारखं करा," तो मधून मधून सांगे. "बरं," बाई म्हणत आणि प्रकाश थोडा डावीकडे घ्यायला लावत.

पोल्डी दोन दिवस बोलली. पहिल्या दिवशी खणखणीत आणि दुसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात, पण थांबली नाही. सूप वाढणाऱ्या बायका पळ्या हातात घेऊन दारात उभ्या होत्या आणि सूप गार झाले. शेवटचे वाक्य संपवून पोल्डी म्हणाली, "झालं गं बाई. आता गेला तरी चालेल." नाताळच्या सुमारास आवाज खरोखरच गेला. त्यानंतर ती कुजबुजत असे.

कॉन्स्टान्टिनच्या चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या थाटात झाला. स्वयंपाकघराचे दृश्य अकरा मिनिटांचे होते आणि ते सर्वांत गाजले. पडद्यावर अकरा मिनिटे बाईंचा ऐकणारा चेहरा. पोल्डीचा आवाज सुरुवातीला थोडा येतो, मग त्यावर चेलोचे सूर चढतात. (शब्दांमुळे भाव पातळ होत होता, असे दिग्दर्शकाने नंतर स्पष्ट केले.) लोक रडले. होफराटांनी रुमाल काढला. नंतर प्रश्नोत्तरे झाली. थांबताना कसं वाटलं? पुरुष दिग्दर्शकाबरोबर काम करताना कसं वाटलं? तो चष्मा तुमचाच आहे का? पोल्डी दुसऱ्या रांगेत रविवारचा पोशाख करून बसली होती. तिच्याकडे पाहून एका तरुणीने बाईंना विचारले की ही नटी तुम्हांला कुठे सापडली.

गर्दी ओसरल्यावर पोल्डीने बाईंची बाही ओढली.

"गेर्ली," ती कुजबुजली, "मी बोलले काय, ते कुणी विचारलंच नाही गं."

बाईंच्या कॅमेऱ्यातले चित्रण करारानुसार निर्मात्याच्या मालकीचे होते आणि 'रंगमंचीय वस्तू : कॅमेरा (आतील मजकुरासह)' म्हणून गोदामात जमा व्हायचे होते. कॅमेरा जमा झाला. मजकूर प्रवासात कुठेतरी पडला. पुढच्या उन्हाळ्यात वाल्डफियर्टलच्या त्या गावात, अग्निशामक दलाच्या बंब ठेवायच्या खोलीत, बंब बाहेर काढून एक चित्रपट दाखवण्यात आला. दोन तास दहा मिनिटे एक म्हातारी बोलते. चेलो नाही. खोलीत गावातल्या बायका होत्या, सूप वाढणाऱ्या होत्या, आणि म्हातारी स्वतः पुढे बसून आपलाच आवाज ऐकत होती. खात्यातून कोणी आले नाही. होफराटांची तार आली : 'मनःपूर्वक अभिनंदन. उन्हाची जागा राखीव आहे.'

त्या बायकांनी माग का बंद केले, त्या हिवाळ्यात त्यांच्यावर काय बेतले, आणि शेवटी जिंकले कोण, हे सगळे पोल्डीने त्या दोन तासांत सांगितले आहे. ते इथे द्यायचा आमचा विचार होता. पण, वाचकहो, तुम्ही पदके मोजलीत, होफराटांना हसलात, कबरीची दिशासुद्धा लक्षात ठेवलीत, आणि इथवर येईपर्यंत एकदाही विचारले नाहीत की ती म्हातारी बोलली तरी काय. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. तुमचे नाव आम्ही एकमताने सुचवले आहे.