एका ओळीतले दोन म्हातारे

बुरुलच्या थोरल्या मुलाला पहिल्यांदा पाळण्यात बांधलं, त्याच वर्षी तिने ग्रामकचेरीच्या कॉम्प्युटरवरचा घोड्यांचा लांबलचक तक्ता मोडून त्याचे दोन केले. जुन्या तक्त्यात प्रत्येक घोड्यापुढे मालकाचं नाव, फोन, गल्ली पुन्हा पुन्हा लिहिलेली असे. फोन बदलला की जागोजाग दुरुस्ती, आणि तरी एखादी जागा राहायचीच. आता मालक एका तक्त्यात एकदाच, घोडे दुसऱ्यात, आणि दोन्हींना जोडायला मालकाचं नाव. तेच नाव दुसऱ्यांदा आलं तर कॉम्प्युटर नवा मालक घेत नसे.

अडलं ते घरच्याच माणसापाशी. सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, ते लिहायला बुरुलची बोटं कशी धजावणार? तिने ‘घरचे थोरले’ असं लिहून टाकलं. शेजारच्या खुर्चीवरची काल्बुबू, तीही कुणाची तरी सूनच. तिनेही आपल्या सासऱ्यासाठी तेच लिहिलं. कॉम्प्युटरने विचारलं, हा मालक आधीच आहे, घोडे त्याच्याच नावावर चढवू का?

“चढव रे बाबा,” म्हणत काल्बुबूने कळ दाबली.

बुरुलचे सासरे तोक्तोबोलोत आणि काल्बुबूचे सासरे झुनुशाली. तरुणपणी घोड्यावरून बोकड हिसकावण्याच्या खेळात भांडले, तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यात बायको गेल्यापासून तोक्तोबोलोत कुणाशीच बोलत नसत. उन्हाळ्यात कुरणावर जायचं, एवढ्यातच त्यांचा जीव उरला होता.

कुरणाचे परवाने आले, एका मालकाला एकच कुरण, आणि घरात भडका उडाला.

“सूनबाई, माझे घोडे चार. कागदावर नऊ कुठून आले?”

“त्यातले पाच वरच्या आळीच्या, काल्बुबूच्या सासऱ्यांचे आहेत, मामंजी.”

“त्या ढोंग्याचे? म्हणजे मी आणि तो एकाच झऱ्यावर? त्यापेक्षा मला इथंच पुरा!”

“जिल्ह्याचा शिक्का पडलाय. शरदापर्यंत काही बदलत नाही.”

“माझा मुलगा रशियात विटा वाहतोय, आणि सून इथं शत्रूशी माझं लग्न लावतेय,” असं म्हणत म्हातारा घोड्यावर बसला आणि गेला.

झऱ्याकाठी दोन तंबू उभे राहिले, तेही पाठीला पाठ लावून. जुलैत बुरुल बाळाला घेऊन वर गेली, तेव्हा लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. ती घाबरून धावली. दोघे एकाच चटईवर बसले होते, मध्ये घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, किमीझचं भांडं.

“बोकड मीच उचलला होता!”

“उचललास, पण पडताना! अख्ख्या गावानं तुझी पाठ पाहिली!”

“आणि तू कुठं होतास? घोड्याच्या पोटाखाली!”

तोक्तोबोलोत हसता हसता खोकत होते. सासू गेल्यापासून बुरुलने ते हसणं ऐकलं नव्हतं.

तरी शरदात तिने नारीन शहरातल्या एर्मेकला फोन लावला. कॉम्प्युटरच्या दुखण्यांवर सल्ला देणारा तालुक्यात तोच होता.

“ताई, नावानं माणूस ओळखायचा नसतो,” तो म्हणाला. “नाव बदलतं, दोघांचं एकच असतं, आणि तुम्हा सुनांना तर लिहवतही नाही. प्रत्येक मालकाला एक क्रमांक द्या, आणि घोड्यापुढे तेवढाच लिहा.”

तिने तसं केलं. दोन म्हातारे दोन ओळींत सुटे झाले. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिलाही ते आवडलं, नाही असं नाही.

वसंतात परवान्यांची सोडत निघाली. झरा झुनुशालींना मिळाला, तोक्तोबोलोतना खिंडीपलीकडचं कुरण.

“बरं झालं,” ते म्हणाले. “त्याच्या घोरण्यातून सुटलो.”

पण कागद हातातून खाली ठेवेनात. बुरुल चहा ओतत होती.

“सूनबाई, ती मागच्या वर्षीसारखी... परत चूक करता येते का गं?”

“नाही हो मामंजी. आता तक्ता चुकूच देत नाही.”

“हं. चांगलं काम केलंस,” ते म्हणाले, आणि खोगीर घ्यायला बाहेर गेले.

तोक्तोबोलोत त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस खिंडीपलीकडच्या कुरणावर वारले. तंबूत ते एकटेच होते. झुनुशाली पुढच्या मार्चमध्ये गेले, नव्या वर्षाच्या नौरोज सणाआधी.