डाव्या बाजूचा पत्रा

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली, की पेढे वाटायच्या आधी मोहितेकाका तिच्याखाली शिरतात. बॉनेटवर हार असतो, मालकाच्या बायकोच्या हातात आरतीचं ताट असतं, आणि चाकांच्या मधून काकांचे दोन पाय बाहेर आलेले असतात. आतून ठक ठक ऐकू येतं. काका पत्रा वाजवून बघत असतात. मग बाहेर येऊन शर्ट झटकतात आणि म्हणतात, "आज तरी बरा आहे." त्या 'आज तरी'नं मालकाचा चेहरा उतरतो. नव्या गाडीवाल्याला असं बोलू नये, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, "वरून काय बघता, खालून बघा."

गुजराती वस्तीच्या सुभानपुऱ्यातल्या या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. त्यांचे पूर्वज इथल्या मराठा संस्थानच्या फौजेत घोड्यावर, आमचे त्याच संस्थानच्या कचेरीत गादीवर. हा फरक काका मला विसरू देत नाहीत. "तुमचं लेखणीचं घराणं," ते म्हणतात, "तुम्ही गंज पाहिलाय कुठं?" स्वतः ते कारखान्यात देखभाल खात्यात होते, पाळ्या करून निवृत्त झाले, आणि गंजाशी त्यांचं वैर मात्र निवृत्त झालं नाही. लग्नाला गेले तर मांडवातल्या लोखंडी खुर्च्या उलट्या करून बघतात. आमच्याकडे आले तर फ्रीजखाली वाकतात. काका येणार म्हटलं की माझी बायको गॅसचा सिलिंडर सरकवून त्याखालचं तांबडं वर्तुळ आधी पुसून घेते.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचा तळ कसा असायला हवा? तर त्यांच्या जुन्या फियाटचा तळ सतत सडलेला असतो. सगळा नव्हे. काका बसतात तिथला पत्रा मूळचा, खणखणीत. मागचाही ठीक. सडतो तो फक्त पुढचा डावीकडचा, जिथं काकींचे पाय असतात.

दर रविवारी सकाळी मला हाक येते. मला नाही म्हणता येत नाही, ही माझ्या आयुष्याची एकूणच गोष्ट आहे. नवरात्राच्या गरब्याचा जुना फ्लेक्स जमिनीवर अंथरून काका गाडीखाली सरकतात, आणि मी आत बसून, ते सांगतील तिथं पायानं दाबायचं. एकदा दाबलं तर माझा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. खालून शांत आवाज आला, "चप्पल काढून दाबायचं ना."

त्यांची पद्धत चोख असते. तारेच्या ब्रशनं खरवडायचं, पॉलिश पेपरनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं, मग रेड ऑक्साइडचा तांबडा रंग, तो पुरता वाळला की वरून डांबर. घाई करायची नाही. "ओल्या पत्र्यावर डांबर लावलंत, तर गंज आत बसून निवांत जेवतो," असं ते मला दर खेपेला बजावतात, जणू मी घरी जाऊन कुणाला डांबर लावणार आहे. आणि एवढं करूनही पावसाळ्याआधीच डाव्या कोपऱ्यात तांबडे फोड येतात. काका दोषी शोधतात. आधी पुढच्या काचेचं रबर गळतं म्हणाले, ते बदललं. मग वॉचमन पाइपनं आत पाणी मारतो म्हणाले, तो बिचारा देवाची शपथ घेऊन थकला. मग विश्वामित्री नदीच्या पुरावर आले. पुराचं पाणी शिरलं असतं तर सगळाच तळ गेला असता, एकट्या काकींचीच बाजू कशी, असं मी विचारलं. त्यावर काका नुसते पेपर घासत राहिले.

मी वैतागून गाडी विका म्हणालो असतो. पण ते म्हणायची सोय नव्हती.

काकींना काही वर्षांपासून विसरायचा आजार आहे. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलाचं गेलं, मग घरच गेलं. संध्याकाळ झाली की त्या दाराशी येतात, "मला घरी सोडा" म्हणतात, कडी वाजवत राहतात, रडतात. डॉक्टरांच्या गोळीनं झोप येते, रडू थांबत नाही. फक्त फियाटच्या डाव्या सीटवर बसवलं की त्या शांत होतात. काका त्यांना रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला हरणीपर्यंत फिरवून आणतात. कॅनडातल्या मुलानं मध्यंतरी नवी गाडी घेऊन दिली. काकी तिच्या दाराला धरून उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. ती गाडी परत गेली. तेव्हा हा पत्रा गेला, तर रोजच्या संध्याकाळचं काय करायचं, हे काकांना ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

यंदा तो पत्रा गेला. जवळच गोरव्याकडे इस्माईलभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी ठिगळावरची ठिगळं सोलून काढली आणि हात पुसले. "काका, वेल्डिंग शेना पर करूं? पतरुं तो रह्युं ज नथी." नवा तुकडा जोडायचा, तर तो धरून ठेवायला जुना पत्राच उरला नव्हता. कधी कुठं न टेकणारे काका एका फुटक्या टायरवर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी इस्माईलभाईंनी खालून दोन पट्ट्या टाकून वर एक पत्रा ठोकून दिला, आणि म्हणाले, कोरडा राखलात तर टिकेल. काका पैसे मोजू लागले.

त्या संध्याकाळी काकांनी मला मागच्या सीटवर बसवलं. पत्र्याचा आवाज येतो का ते ऐकायचं होतं. आवाज येत नव्हता. हरणीच्या अलीकडे दिवेलागण झाली आणि काकांनी गाडी कडेला उभी केली. काकींनी शेजारची पाण्याची बाटली उघडली, ओंजळीत पाणी घेतलं आणि वाकून पायाशी शिंपडलं. मग पुन्हा. अगदी कोपऱ्यापर्यंत, सारखं, सवयीच्या हातानं. त्या सडा घालत होत्या.

माझा हात आपोआप बाटलीकडे गेला. काकांनी तो अडवला. "असू दे," ते म्हणाले.

काकी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ड्रायव्हर, पाय सांभाळा हं, ओलं आहे. आमचे हे पाळीवरून येतील आता."

"हो बाई," काका म्हणाले. "येतीलच."

काचेचं रबर, वॉचमन, विश्वामित्री, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. काकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. परतल्यावर मी म्हटलं, निदान रबरी मॅट तरी घाला. घातली होती म्हणे. काकींनी ती उचलून फेकली, अंगणात सतरंजी कोण घालतं म्हणाल्या. एकदा बाटलीही लपवून पाहिली होती. त्या दिवशी काकी घरी येईपर्यंत कोरड्या पत्र्यावर हात फिरवत रडत होत्या, ते येतील आणि अंगण तसंच असेल म्हणून. "पुन्हा नाही लपवली," काका म्हणाले. मला फार वाईट वाटलं आणि त्यांच्या रविवारांचा आलेला सगळा कंटाळा माझ्याच अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्माईलभाईंना डाव्या कोपऱ्यात भोक पाडायला सांगितलं. पाणी साचणार नाही, खाली निघून जाईल. इस्माईलभाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. धड पत्र्याला मुद्दाम भोक पाडायचं, आणि तेही मोहितेकाकांनी सांगायचं. गंज त्या भोकापासूनच सुरू होईल, असं त्यांनी समजावून पाहिलं. काका म्हणाले, "लागू दे. सावकाश लागेल."

तेव्हापासून फियाट संध्याकाळी फाटकातून आत येते, ती मागं थेंबांची ओळ काढत. दाराशी उभी राहिली की डाव्या बाजूला खाली थोडं ओलं होतं. काल मी गॅलरीतून बघत होतो. काका गाडीला वळसा घालून आले, त्या ओल्या जागेच्या अलीकडे त्यांनी चपला काढल्या, आणि मग दार उघडून हात पुढे केला.

"अजून आले नाहीत हो हे," काकी म्हणाल्या.

"येतील," काका म्हणाले, आणि त्यांना उतरवून घेतलं.