लोकरगल्लीतली रांग

शनिवारी सकाळी दुधाची बाटली आत घ्यायला म्हणून क्लेमेंट पार्डो दाराबाहेर आला आणि वाऱ्याने दार मागच्या मागे लागलं. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी झगा, पायात सपाता. किल्ली आत आणि गॅसवर ठेवलेली किटलीही आत.

दुसरी किल्ली त्याच्या बायकोकडे होती. डॅफ्नी समोरच कोपऱ्यावरच्या जुन्या जकातनाक्यात बसली होती. त्या नाक्याचं तिनं संग्रहालय केलं होतं आणि पोटच्या पोरासारखं जपलं होतं. म्हणजे चार पावलांचं काम. पण क्लेमेंटचे पाय उचलेनात, कारण सकाळीच दोघांचं वाजलं होतं.

"नगर परिषदेच्या बाई आज गुपचूप येऊन बघणारेत," डॅफ्नी केकचा डबा बांधता बांधता म्हणाली होती. "कुणी येत नाही असं दिसलं तर कुलूपच लावतील."

"लावू देत. गंजलेल्या तागड्या बघायला कोण येतंय?"

"निदान तू तरी ये."

"गंजलेलं सामान मी रोज आरशात बघतो."

एरवी ती हसली असती. आज न हसता, टोस्ट तसाच टाकून निघून गेली. आता त्याच बायकोसमोर झग्यात उभं राहून किल्ली मागायची? त्यापेक्षा ती काही विसरली म्हणून घरी येईल, अशा आशेवर क्लेमेंट दाराकडे तोंड करून उभा राहिला.

विथरबोर्न गावात शनिवारी पाहुण्यांच्या बसगाड्या येतात. रेनकोट घातलेली एक बाई आली, तिनं त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "रांग हीच ना?"

"मी दार उघडायची वाट बघतोय," क्लेमेंट म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाई त्याच्या मागे उभी राहिली. आता, आमच्याकडे माणसाला देव भेटला तरी तो आधी विचारेल की रांग कुठे संपते. दोन माणसं एकामागे एक दिसली की तिसऱ्याला पुढे जाववत नाही. त्यात क्लेमेंटचं घर काळ्या तुळयांचं, पोट पुढे आलेलं, फोटो काढावा असं. आणि खरा जकातनाका दिसायला बागेतल्या अवजारांच्या खोपटासारखा. बघता बघता रांग पावाच्या दुकानापर्यंत गेली. त्या दुकानाचा मालकसुद्धा दुकान बंद करून रांगेत येऊन उभा राहिला. तो रोज क्लेमेंटला पाव देतो, पण विचारायची सोय नव्हती. एवढी माणसं उगाच उभी असतील का?

इतक्यात आत किटली शिट्टी मारू लागली.

"चहा ठेवलाय वाटतं," रेनकोटवाली खुशीत म्हणाली. "म्हणजे आता उघडतीलच."

क्लेमेंट वळला. "बाई, मी जरा जाऊन येतो. माझी जागा धराल?"

"मी धरीन हो, पण मागच्यांवर तो अन्याय नाही का होणार?"

अन्याय होताच. तो सपाता फटफटवत नाक्यात शिरला.

डॅफ्नी एकटीच बसली होती. केक अख्खा, खुर्च्या ओळीत, लोकर तोलायची जुनी तागडी घासून लख्ख केलेली. दार वाजलं तशी ती लगबगीनं उठली आणि नवऱ्याला पाहून पुन्हा बसली. तिचा उतरलेला चेहरा पाहून क्लेमेंटला स्वतःची लाज वाटली.

"दिवसातला पहिला पाहुणा," ती म्हणाली, "आणि तोही झग्यात."

"किल्ली दे. किटली जळतेय."

तिनं किल्ली दिली आणि खिडकीबाहेर पाहिलं. "आपल्या दारात ही कुठली माणसं?"

"रांग आहे."

"कशाची?"

"बहुतेक तुझ्या संग्रहालयाची."

"मग सांग ना त्यांना, ते इकडे आहे म्हणून."

"एवढा वेळ उभं करून आता सांगू? माझ्यामुळेच लागली गं ती."

"क्लेमेंट, मला इथून हलता येत नाही. बाई कुठल्याही क्षणी येतील. जा तू."

तो परत आला आणि कडेकडेनं पुढे सरकू लागला. "आजोबा, रांग आहे," कुणीतरी म्हणालं. आवाज सौम्य होता, पण पुढे जायची हिंमत होणार नाही इतपत कडकही होता. क्लेमेंट "माफ करा" म्हणाला आणि मुकाट्यानं शेवटी जाऊन उभा राहिला. अशा रीतीनं पुढे दार होतं, मागे किल्ली होती आणि मधे अख्खं गाव होतं.

त्याच्या पुढे हिरवी टोपी घातलेली एक ताठ बाई होती. "कुठे घोडं पेंड खातंय कोण जाणे," ती म्हणाली. "किल्लीवाला झोपला असेल."

"असेल," क्लेमेंट म्हणाला आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

"सांगू का, मी नगर परिषदेची. हॅदरली. हे बंद करायचं ठरवूनच आले होते. पण एवढे लोक! आता हात धजेना."

क्लेमेंटच्या जिवात जीव आला आणि लगेच गेला. गप्प राहावं तर बाई त्याचं न्हाणीघर बघून जाणार, बोलावं तर डॅफ्नीच्या नाक्याला कुलूप. आतली शिट्टी थांबली होती. किटलीतलं पाणी संपलं होतं. नाक्याच्या खिडकीत डॅफ्नी अजून तशीच उभी होती.

"बाई," तो म्हणाला, "ते माझं घर आहे. किल्ली ही बघा. संग्रहालय ते समोर. ही माणसं चुकून माझ्या मागे उभी राहिली."

हॅदरली बाईंनी झग्यापासून सपातांपर्यंत त्याला न्याहाळलं. "मग पुढे जाऊन सांगितलं का नाही?"

"रांग होती."

"हो, तेही खरंच," त्या म्हणाल्या. त्यांचं शंभर टक्के समाधान झालं होतं.

मग त्यांनीच सूत्रं हाती घेतली. रांग जागच्या जागी वळवली असती तर शेवटचा पहिला झाला असता आणि गावात वर्षभर कुणी कुणाशी बोललं नसतं. म्हणून रेनकोटवाली पुढे, मग बाकीचे आपापल्या क्रमानं, अशी अख्खी रांग गल्ली ओलांडून नाक्यात गेली. क्लेमेंट घरात धावला, गॅस बंद केला, काळी ठिक्कर किटली उंबऱ्यावर ठेवली आणि परत येऊन शेवटी उभा राहिला.

आत पोचला तेव्हा पाववाला तागडीत बसला होता आणि डॅफ्नी त्याला लोकरीच्या भावानं तोलत होती. माणसं पोट धरून हसत होती. जकात चुकवायला मेंढीला टोपी घालून म्हातारी म्हणून नेणाऱ्या गवळणीची गोष्ट तिला तिसऱ्यांदा सांगायला लावली. केक कधीच संपला होता.

हॅदरली बाई जाताना दारात थांबल्या. "वर्षभर तरी चालू ठेवू," त्या डॅफ्नीला म्हणाल्या. "लोकांना यायचं असतं हो. फक्त आधी कुणीतरी उभं असावं लागतं."

डॅफ्नीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तागडीकडे बघत होता. "गंज फारसा नाहीये," तो पुटपुटला.

पुढच्या शनिवारी डॅफ्नी नाका उघडायला निघाली तर घरात क्लेमेंट दिसेना. पट्ट्यांचा झगाही खुंटीवर नव्हता. तिनं खिडकीतून पाहिलं. नाक्याच्या बंद दारासमोर तो एकटाच उभा होता, दाराकडे तोंड करून, हातात दुधाची बाटली घेऊन. बसमधून उतरलेलं एक जोडपं त्याच्याजवळ घुटमळलं.

"रांग हीच का?"

"हीच," क्लेमेंट म्हणाला. "या, माझ्या मागे उभे राहा."